नॉर्सचा झाला नवसाचा

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या घरात अमेरिकेहून दोन गोष्टी आल्या होत्या. एक म्हणजे रेशनची तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना मोडायची आणि खाताना घशात अडकायची. दुसरी म्हणजे एका शेतकऱ्याची हकीकत. मिलोचं मी कसंबसं निभावलं. त्या हकीकतीनं मात्र माझा जीव मेटाकुटीला आणला.

आमचे हे श्रीगोंद्याजवळच्या एका गावात हायस्कुलात इतिहास शिकवायचे. नगरच्या वाचनालयातून जुनी इंग्रजी मासिकं घेऊन यायचे. त्यांतल्या एकात त्यांनी वाचलं होतं की, अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याला झाड उपटताना मुळांत अडकलेला दगड सापडला. त्यावर नॉर्स लोकांची, म्हणजे नॉर्वेकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांची अक्षरं होती. दगड खरा असेल तर ते लोक कोलंबसाच्या कितीतरी आधी तिथं पोचले होते. पंडितांनी दगड खोटा ठरवला आणि शेतकऱ्याला लबाड. बिचारा ते ऐकतच मेला. ह्यांचं म्हणणं, दगड खरा. हेडमास्तरांचं म्हणणं, खोटा. संध्याकाळ झाली की दोघे आमच्या ओट्यावर बिनदुधाचा चहा पीत हमरीतुमरीवर यायचे. टँकरचा आवाज आला की मी घागर घेऊन पळायची, आणि अर्धी भरून परत यावं तर हे अजून अमेरिकेतच.

गावाच्या वरच्या अंगाला सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं होतं. विहिरी आटलेल्या, पेरलेलं उगवलेलं नाही, तेव्हा सगळं गाव तिथंच माती वाहायला जायचं. तिथं मजुरी मिळायची आणि लेकरांना खायला सुकडी. आमची शेजारीण पोर कडेवर घेऊन जायची. तिचा नवरा जनावरं घेऊन चारा-छावणीवर गेला होता, घरात ही एकटी. भरावाच्या पायाचा चर खणताना एक दिवस पहार खणकन वाजली आणि एक पसरट दगड निघाला. त्यावर तिरक्या, उभ्या अशा रेघा होत्या. बोलावणं आलं तसे हे शाळेतूनच धावले. मीही गेले.

ह्यांनी धोतराच्या सोग्यानं दगड पुसला. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी लग्नातही पाहिला नव्हता. ही एखादी जुनी लिपी असावी, असं ते म्हणाले. विळे घासून पडलेल्या रेघा आहेत, असं हेडमास्तर म्हणाले. झालं, दोघांची तिथंच जुंपली. शेवटी हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा आपला नॉर्सचा दगड समजा. तज्ज्ञ येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

डोक्यावर घमेली घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी ऐकलं, नवसाचा दगड.

ह्यांनी सरकारी कचेरीला कळवलं. वरून निरोप आला, माणूस पाठवतो, तोवर जागा हलवू नका. कामावरचा ओव्हरसियर भित्रा होता. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात नको, म्हणून त्यानं सगळंच काम बंद ठेवलं. दुसरं काम पार तालुक्याच्या पल्याड, तिथं पायी जाणं शेजारणीला पोर घेऊन शक्यच नव्हतं. पहिले काही दिवस लोक नुसते चराकाठी बसून राहायचे. मग आमच्या दाराशी येऊन बसायला लागले. कुणी वाकडं बोलायचं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

एका दुपारी शेजारीण परसदारानं आत आली. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून पडलं होतं, रडतही नव्हतं. ती म्हणाली, "मास्तरीणबाई, गुरुजींना येवढं म्हना, दगड खोटा हाय म्हनून सांगा. त्येंचा सबूद साहेब मोडायचा न्हाई."

मी मिलोची अर्धी भाकरी कुस्करून पोराला भरवली आणि ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. हे म्हणाले, मला ठाऊक नाही ते मी खोटं कसं म्हणू? त्या शेतकऱ्यालाही असंच लोकांनी आपल्या सोयीनं लबाड ठरवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमचा तो शेतकरी मेला," मी म्हणाले. "ही जिवंत आहे."

त्या दिवसापासून ह्यांनी जेवण निम्म्यावर आणलं. उरलेली भाकरी मी भिंतीवरून पलीकडं द्यायची. त्यांना ते कळत होतं आणि मला त्यांचा राग राग येत होता, शिवाय कीवही.

तिकडं चरात निराळंच सुरू झालं. दगड नवसाचा, असं खुद्द गुरुजींनी सांगितलेलं. बायका पाणी घालायला लागल्या, तेही टँकरच्या पाण्यातलं. मग कुणी शेंदूर आणला, तेल आणलं. देवाला डोळे नाहीत म्हणून पाथरवटाकडून छिन्नीनं डोळे आणि तोंड कोरून घेतलं, नेमकं त्या रेघांवरच. नवस काय, तर काम पुन्हा सुरू होऊ दे. ज्या दगडानं काम बंद पाडलं त्यालाच सगळं गाव काम मागत होतं. शेजारणीनंही नारळ बोलला होता. ते कळलं तसे हे धावत तिथं गेले, समजावून सांगितलं, हात जोडले. बायकांना वाटलं, गुरुजीही पाया पडायला आले. त्यांनी ह्यांना वाट करून दिली.

अखेर तज्ज्ञ जीपमधून आला. त्यानं शेंदूर खरवडला, भिंग लावून पाहिलं, बराच वेळ बसून राहिला. मग ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, जुन्या खुणा कुठल्या, नव्या कुठल्या, आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. खरा असेलही, नसेलही. तुम्ही काम सुरू करा.

पण दगड उचलणार कोण? ओव्हरसियरनं एकेकाला सांगून पाहिलं. पहारी जमिनीवर पडून राहिल्या. शेजारीणसुद्धा मागं सरली, बोललेला नारळ अजून द्यायचा होता ना. काम सुरू व्हावं म्हणून तळमळणारी ती माणसं, आता काम समोर असून हात बांधल्यासारखी उभी होती.

तेव्हा हे चरात उतरले. आयुष्यात खडूपेक्षा जड काही न उचललेल्या माणसानं पहार उचलली. शेजारीण काठावरून म्हणाली, "गुरुजी, पाप लागंल."

"लागू दे," हे म्हणाले.

पहार नीट बसली नाही. दगड उचलला आणि मधोमध दुभंगला. एका तुकड्यावर एक डोळा, दुसऱ्यावर दुसरा. ह्यांनी दोन्ही तुकडे बैलगाडीत घालून घरी आणले आणि परसात ठेवले. त्यांच्या तळहातांना फोड आले होते. हळद लावताना मी त्यांच्याकडं बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. संध्याकाळी शेजारीण आली, अंगभर माती, हातात नारळ. कुठून पैदा केला कोण जाणे. नवस फेडायचा होता. मी तिला परसात नेलं. तिनं दोन्ही तुकड्यांना हात जोडले, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा ओट्यावर जाऊन ह्यांच्या हातावर ठेवला. ह्यांनी तो खाल्ला नाही, टाकलाही नाही.

हेडमास्तर समोरच बसले होते. त्यांनाही वाईट वाटत होतं. घसा खाकरून म्हणाले की, अमेरिकेतला तो दगड खराही असेल, आपण उगीच इतके दिवस वाद घातला.

ह्यांनी मान वर केली नाही. "खोटाच असणार," ते म्हणाले. "त्याच्यामुळं कुणाचं तरी काम अडलं असणार."

हा एक शब्द ह्यांनी उच्चारावा म्हणून मी इतकी भांडले होते. आता तो मला ऐकवेना. कपबशा उचलून मी आत गेले आणि चुलीपुढं बसून रडले.