लांडग्याच्या पसंतीचं मटण

माझ्या बायकोच्या मामांइतका जेवणाऱ्याला दमवणारा माणूस अख्ख्या पाथर्डी तालुक्यात दुसरा झाला नाही. ते मटण खाणाऱ्यांशी भांडत आणि न खाणाऱ्यांशीही भांडत, कारण त्यांचं म्हणणं दोघांनाही पटण्यासारखं नव्हतं. मटण खावं, पण लांडगा खातो तसं खावं. "जावईबापू, लांडगा कळपाच्या कडंकडंनं चालतो, घाई करत न्हाई. कोन मागं पडतंय तेवढं बगतो. म्हातारं, आजारी, लंगडं उचलतो आन् धडधाकट सोडून देतो. आपन बाजारात जाऊन चांगल्यातलं चांगलं कापून खातो. मंग रानटी कोन?" हे सगळं मी भाकरी कुस्करून बसलेला असताना. मी तिसगावच्या पोस्टात नोकरीला होतो आणि मामांचं गाव तिथून जवळच, त्यामुळे हे लांडगेपुराण मला वरचेवर ऐकावं लागे. नवसाच्या पंगतीत ते पहिल्या घासाआधी यजमानाला विचारत, "बोकड लंगडत हुता का?" नवसाला बोकड अव्यंगच लागतो, बिचारा यजमान काय बोलणार? मग मामा फोडी बाजूला सारून नुसता रस्सा ओरपत. रश्शाला पाय नसतात, असा तोडगा त्यांनी स्वतःपुरता काढला होता.

तिसगावच्या बाजारात ते बोकडाचे दात बघत नसत, त्याला चालवून बघत. व्यापारी आधी हसले, मग शहाणे झाले. मामा येताना दिसले की एखाद्या तरण्या बोकडाच्या खुरात खडा अडकवून ठेवत. मामा ते लंगडं जनावर खुशीत घरी आणत, घरी खडा गळून पडे आणि बोकड दाव्याला उड्या मारू लागे. धडधाकट निघाला, म्हणजे खायचा प्रश्नच मिटला. मामी म्हणत, "अवो, मंग परत तरी करा." त्यावर मामा म्हणत, "परत केला तर चांगला म्हनून लगेच कापतील की त्याला." असं करता करता दारात चांगला कळप जमला. खरोखरीचं लंगडं जनावर त्यात एकच, एक म्हातारी शेळी. तिचं नावच लंगडी. मात्र तिला कापायची वेळ आली की मामांना दर खेपेला काहीतरी निमित्त सापडे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माळावर काडी उरली नाही आणि जनावरांच्या बरगड्या दिसू लागल्या. एक दिवस मामी वैतागून म्हणाल्या, "आता तुमच्याच न्यायानं लंगडीची पाळी हाय." लंगडी कापायचं ठरलं आणि मला जेवायचं बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा मामी पाट्यावर मसाला वाटत होत्या आणि मामा सकाळपासून कळप घेऊन माळावर गेलेले, अजून परतले नव्हते. त्यांना आणायला मी गेलो.

परत निघालो तेव्हा दिवस मावळत होता. कोरड्या ओढ्यापलीकडे लांडगा दिसला. हाडं वर आलेला, तोही दुष्काळातलाच. आमच्या बरोबरीनं कडेकडेनं चालू लागला. बोकड माझ्यासोबत पुढे पळाले, लंगडी मागे राहिली आणि त्याची नजर तिच्यावर ठरली. "बगा, बरोबर तीच निवडली," मामा म्हणाले. आवाजात अभिमान होता, पण तो टिकला नाही. ते वाकले आणि त्यांनी लंगडीला खांद्यावर घेतलं. त्यांचा उजवा गुडघा आधीच धरलेला, त्यात हे ओझं. चार पावलांत तेच लंगडू लागले. जरा वेळानं म्हणाले, "जावईबापू, आता त्यो माज्याकडं बगतोय."

"मग शेळी खाली ठेवा," मी म्हणालो.

"न्हाई. तुमी जरा दमानं चाला."

मी मागे आलो आणि त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालू लागलो. गाव येईपर्यंत मामा एक अक्षर बोलले नाहीत. इतके दिवस मी ज्या शांततेची वाट पाहत होतो ती मला मुळीच आवडली नाही. गावाबाहेरच्या विहिरीपाशी लांडगा मागे फिरला.

खांद्यावरची लंगडी बघून मामींनी बेसनाचा डबा काढला. त्याच मसाल्यात त्यांनी पाटवड्यांचा रस्सा केला. मामांना जेवण गेलं नाही. "त्यो उपाशीच गेला," एवढंच म्हणाले. त्यानंतर कुठल्याही पंगतीत बोकड लंगडत होता का, असं त्यांनी विचारलं नाही. लंगडी तिच्या मरणानं मेली.

आता मामा नाहीत. गुडघा माझाही धरतो. बाजाराच्या वाटेवर माझी मुलं बोलत बोलत पुढे निघून जातात. त्यांचं काही चुकत नाही, ते वयच भरभर चालायचं असतं. मी मागे राहतो, आणि मामांची फार आठवण येते. जरा दमानं चाला, असं म्हणायचं मनात येतं, पण ते मला अजून जमलेलं नाही.