मीरासाब चित्तेवानाची झोप

माझ्या आजोबांचा थोरला भाऊ मीरासाब झोपेवाचून मेला. दम्यानं गेला असं आमच्या घरात सांगतात, ते खोटं आहे. मी कामगार खात्यात तीस वर्षं काढली. कबनूरच्या यंत्रमागवाल्यांना पाळ्यांचे नियम सांगता सांगता माझा घसा बसला. तेव्हा झोपेवाचून माणूस कसा मरतो, हे मला कुणी शिकवायला येऊ नये.

शाहू महाराज गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. कोल्हापूरच्या भोवतालच्या माळांवर तेव्हा काळविटांचे कळप होते आणि त्यांच्या शिकारीसाठी बडी माणसं चित्ते पाळत. आमचं घराणं चित्तेवानांचं, म्हणजे चित्ता माणसाळवणाऱ्यांचं. हंबीरराव नावाचा एक जहागीरदार होता. त्याला 'होते' म्हणायला माझी जीभ वळत नाही. शहराबाहेर त्याचा बंगला होता आणि मीरासाब आणि माझे आजोबा दिलदार त्याच्या पदरी होते.

चित्ता माणसाळवायची रीत अशी. नवा धरलेला चित्ता बाजेवर ठेवायचा, दोन्ही बाजूंनी दोर, डोळ्यांवर कातड्याची टोपी. मग त्याला झोपू द्यायचं नाही. माणसानं शेजारी बसून बोलत राहायचं, मध्येच टोपी उचलायची, लाकडी पळीनं लोणी चाटवायचं, पुन्हा टोपी. पंधरा-वीस दिवसांत जनावर गुंगून गुंगून माणसाच्या हाताला येतं. कामाचा एकच कायदा, की शेजारचा माणूस पेंगला तर चित्ताही झोपतो आणि सगळं मुसळ केरात. म्हणून एका चित्त्यामागं चार माणसं ठेवायची चाल होती. एकाला डुलकी आली की दुसऱ्यानं बसायचं. ही पाळी कुणा शहाण्या साहेबानं काढलेली नव्हती. ती अडाणी चित्तेवानांनीच पिढ्यान् पिढ्या सांभाळली होती.

त्या साली हंबीररावानं नवा चित्ता घेतला आणि एका गोऱ्या पाहुण्याला शिकारीचं आमंत्रण देऊन बसला. हातात एकवीस दिवस. पाहुण्यासाठी माळावर तंबू उभारायचे, रस्ता साफ करायचा, घोडे तयार करायचे. माणसं कमी पडायला लागली तेव्हा त्यानं चारातले तीन चित्तेवान उचलले. दिलदार तंबूंवर गेला, बाकी दोघं घोड्यांवर.

मीरासाब हात जोडून उभा राहिला. "सरकार, एकट्याला जमायचं न्हाई. निदान एक माणूस तरी ऱ्हाऊ द्या."

"मीऱ्या, तुला काय नांगर धराय सांगितलाय व्हय? बसायचंच तर हाय! बसून खायाचं काम आणि त्येलाबी जोडीदार पायजे?"

"एकवीस दीस जागायचं म्हंजे सरकार..."

"एकवीसच दीस की! मग झोप जा जलमभर."

हे वाक्य मी पुढं शेकडो वेळा ऐकलं. एवढीच ऑर्डर, एवढाच सीझन, मग काय आरामच आराम. मालक बदलतात, वाक्याला गंजसुद्धा चढत नाही.

पहिले चार दिवस मीरासाब चित्त्याशी बोलला. गावाचं बोलला, आईचं बोलला, पाठ असलेलं सगळं म्हणून संपवलं. पाचव्या दिवशी त्याची बायको शहाजादी भाकरी घेऊन आली. तो भिंतीला डोकं आपटून घेत होता. डोळा लागू नये म्हणून.

शहाजादी तशी खमकी. तिनं त्याला बाजेजवळून उठवलं, चिंचेखाली आडवं केलं आणि स्वतः चित्त्याशेजारी बसली. चित्त्याला बायकांच्या बोलण्याची सवय लागावी म्हणून बायका बसवायची रीत आमच्यात होतीच. तिनं चित्त्याला गल्लीतल्या साऱ्या भानगडी सांगितल्या. सासूनं लग्नात दिलेलं लुगडं कसं विरलेलं होतं, बिबीजान पाण्यावरून कशी भांडली, सगळं. चित्ता कान टवकारून ऐकायचा. त्याच्याइतकं मन लावून तिचं कुणी कधी ऐकलं नसावं. रोज दुपारी तीन तास ती बसायची आणि मीरासाब मेल्यासारखा झोपायचा. त्या तीन तासांवर तो माणूस उभा होता.

नवव्या दिवशी हंबीरराव घोड्यावरून आला आणि त्याला चिंचेखाली घोरणारा मीरासाब दिसला. त्यानं चाबकाच्या दांड्यानं त्याला ढोसून उठवलं. शहाजादी पुढं झाली.

"सरकार, जनावर जागंच हाय. म्या बसलिया न्हवं. तुमचं काम कुठं आडलंय?"

"बाई बसवून मालकाला फसवतोस व्हय रं?" हंबीररावानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "उद्यापास्नं ही हितं दिसली तर दोघांचाबी मुक्काम हलवीन."

काम नीट चाललं होतं. चित्ता जागा होता. तरी ह्याच्या पोटात दुखलं, कारण नोकर झोपलेला दिसला. काही मालकांना काम नको असतं, नोकराचे तारवटलेले डोळे हवे असतात.

त्याच संध्याकाळी त्यानं नवीच युक्ती काढली. बंगल्यातलं विलायती घड्याळ दर पाव तासाला ठोका द्यायचं. तो ठोका चित्ता ठेवला होता त्या पागेपर्यंत ऐकू येई. बाजेशेजारी एक पितळी घंटी टांगली. ठोका पडला की मीरासाबनं घंटी वाजवायची, म्हणजे तो जागा आहे हे बंगल्यात कळेल. बंगल्याच्या ओसरीवर केरबा नावाचा पहारेकरी बसवला. घंटी चुकली की त्यानं भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची, आणि रेघेला एक फटका. म्हणजे घंटी ऐकायला एक माणूस मिळाला. तोच माणूस बाजेशेजारी बसवला असता तर घंटीचं कामच पडलं नसतं! पण हे सांगणार कोण? केरबा भला माणूस होता. तीन रेघांतली एकच ओढायचा. ते कळलं तेव्हा त्यालाही फटके बसले.

मीरासाबनं मग आपलं काम त्या घंटीलाच बांधून घेतलं. ठोका, घंटी, टोपी वर, लोणी, टोपी खाली. पाव तासानं पुन्हा. बारा दिवस. घंटी वाजली की चित्ता मान उंच करायचा आणि मीरासाबचा उजवा हात टोपीकडं जायचा. पुढं पुढं त्याला हाताकडं बघावंही लागेना. डोळे उघडे ठेवून तो झोपू लागला आणि हात आपला चालूच. हंबीरराव खूश झाला. "बगा, जमलं की न्हाई!" असं चारचौघांत म्हणाला.

एकविसावा दिवस उजाडला. चित्त्याच्या गाडीला बैल जुंपले. त्यांच्या गळ्यात नव्या पितळी घंट्या पाहून दिलदार पुढं झाला.

"सरकार, ह्या काढाय पायजेत. कळप बुजंल."

"पावण्यांम्होरं मोकळ्या गळ्याची बैलं न्हेऊ व्हय? चिंध्या कोंबा आत."

चिंध्या कोंबल्या. गाडी निघाली. मागं घोड्यावर हंबीरराव आणि पाहुणा, गाडीवर चित्ता आणि त्याच्या गळ्यात हात टाकून मीरासाब. दिलदार बैलांच्या कासऱ्याला होता. मी हे सगळं त्याच्याच तोंडून ऐकलं. माळावर कळप दिसला. शिकारीत अगदी जवळ जाईपर्यंत टोपी काढत नाहीत, कारण चित्ता धावतो ते थोडाच वेळ, लांबून सोडला तर हात हलवत परत. दोर मात्र आधी सोडून ठेवतात. दिलदारनं मागं वळून दोर सोडले आणि भावाकडं पाहिलं. त्याचे डोळे सताड उघडे होते, पण दिलदारला ते ओळखीचे वाटले नाहीत.

तेवढ्यात चाक दगडावर आदळलं. डाव्या बैलाच्या घंटीतली चिंधी गळून पडली आणि घंटी एकदाच खणकन वाजली.

मीरासाबचा हात उठला आणि त्यानं टोपी वर केली. बारा दिवस केलं तेच केलं, जराही न चुकता.

कळप घंटीनं आधीच उधळला होता. चित्ता त्याच्यामागं सुटला, भर दगडांच्या माळावरून जीव तोडून पळाला आणि शेवटी त्यानं लांब कुठंतरी बसकण मारली. चारी पंजे फाटलेले. गाडीवर मीरासाब चित्त्याच्या रिकाम्या जागेला लोण्याची पळी धरून बसला होता. पाहुणा हसला. पोट धरधरून हसला.

त्या हसण्याची किंमत मीरासाबनं दिली. हंबीररावानं माळावरच बैलांच्या कासऱ्यानं त्याला वीस फटके मारवले. आजोबा सांगायचे, आठव्या फटक्याला तो झोपला. मार चालू असताना झोपला! त्याला पाणी मारून उठवलं आणि राहिलेले बारा मारले. संध्याकाळच्या आत बिऱ्हाड रस्त्यावर आलं.

चित्त्याला बघायला जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं सांगितलं, जनावर भयंकर थकलंय, ह्याला झोप मिळालेली नाही, महिनाभर पूर्ण विश्रांती द्या. हंबीररावानं सगळं तंतोतंत केलं. चिंचेची सावली, मऊ गवत, वेळेवर खाणं. घंटी काढून टाकली. सेवेला चार माणसं, पाळीपाळीनं. दिलदारही त्यांत होता. पोटासाठी राहिला, आणि त्याची लाज त्यानं मरेपर्यंत बाळगली. उपाय त्या माणसाला ठाऊक होता, हेच मला सोसत नाही. चार माणसं घरात होती, सावली होती, अक्कलही होती. फक्त ती मीरासाबवर खर्च करावी असं त्याला वाटलं नाही.

मीरासाबला आता सगळा दिवस मोकळा होता, पण झोप गेली ती गेलीच. डोळा लागायचा आणि पाव तासानं उजवा हात उठायचा, टोपी उचलायचा, पळी धरायचा, की हा जागा. शहाजादीनं हात बाजेला बांधून पाहिला, तर तो दोरासकट उठून बसायचा. वैदू झाला, दर्ग्याचा गंडा झाला. ती शेजारी बसून गल्लीतल्या भानगडी सांगायची, बिबीजानच्या, लुगड्याच्या, त्याच सगळ्या. "झोपा की वो आता," म्हणायची. तो कान देऊन ऐकायचा. आठ महिन्यांनी एका सकाळी तो बसल्या जागी कलंडला.

मयताला आंघोळ घालून जनाजा दारात ठेवला होता. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी घंट्या वाजल्या. हंबीररावाची चित्त्याची गाडी शिकारीला निघाली होती. गाडीवर धष्टपुष्ट चित्ता आणि तीन चित्तेवान. चौथा दिलदार तेवढा नव्हता, तो भावाच्या उशाशी होता.

शहाजादी घरातून धावत सुटली. नवरा गेल्यावर घरातच बसायचं त्या इद्दतीतली बाई उघड्या रस्त्यावर आली म्हणून माणसं ओरडली. तिनं पळत जाऊन दोन्ही बैलांच्या घंट्या दोन मुठींत आवळून धरल्या.

"अगं बाई, सोड, सरकारांची गाडी हाय," गाडीवान म्हणाला.

"असू दे. आत्ता कुठं डोळा लागलाय त्येंचा."

गाडीवानानं चाबूक उगारला नाही, पण गाडीही थांबवली नाही. शहाजादी बैलांच्या पुढं उलट्या पावलांनी चालत गेली, घंट्या मुठीत धरून, गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. मग गाडी वळली आणि तिनं हात सोडले.