तिथीने पाहिलेलं तळं

वडील गेल्यावर आईला मी साताऱ्याहून नेरूळला आणलं. फ्लॅटमध्ये तिचा जीव रमेना. रोज एकच धोशा, "मला गावी सोड." मग सोसायटीमागच्या, खाडीला जोडलेल्या तळ्यात रोहित पक्षी उतरले. आई रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसू लागली आणि धोशा थांबला. इतके दिवस मला जे जमलं नाही, ते पाखरांनी चार दिवसांत केलं.

मी महाप्याला, उपग्रहाच्या चित्रांवरून पाणथळ जागांवर लक्ष ठेवायचं काम करते. आमच्या पडद्यावर झाडी लाल दिसते आणि पाणी काळं. हे नातेवाइकांना समजावताना नाकी नऊ येतात. गेल्या वर्षी नेमकं आमचंच तळं माझ्या वाट्याला आलं. ते राखायचं की त्यात भराव घालायचा, हे ठरवताना आमचा अहवाल बघितला जाणार होता. ढग नसलेली जुनी-नवी चित्रं मी शेजारी-शेजारी मांडली. जुन्यांत काळंभोर पाणी, नव्यांत नुसता चिखल.

पण नव्यांपैकी एका तारखेलाच संध्याकाळी मी आईचा बांधावर फोटो काढला होता. तिच्या मागे तळं काठोकाठ भरलेलं!

दोन्ही घेऊन मी आमच्या विभागप्रमुख मॅडमकडे धावले. मॅडम मूळच्या मालवणच्या. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं.

"अगं, तारखा काय बघतेस? तिथ्या बघ. नवी सगळी अष्टमीच्या आसपासची आहेत."

उपग्रह येतो तो कायम सकाळी अकराच्या सुमारास. अष्टमीला तेव्हा ओहोटी असते, भरती येते संध्याकाळी. पौर्णिमा-अमावास्येला मात्र अकरा वाजता पाणी चढलेलं असतं, आणि जुनी चित्रं निघाली तेव्हाची.

मग आम्ही दोघींनी पौर्णिमेशेजारी पौर्णिमा, अष्टमीशेजारी अष्टमी अशी सगळी चित्रं पुन्हा लावली. "मुहूर्त काढताय का?" म्हणून ऑफिसने यथेच्छ चिडवून घेतलं. पाणी होतं तेवढंच होतं. काठची लाल किनार, म्हणजे खारफुटी, उलट थोडी रुंदावली होती. अहवाल तसा गेला आणि भराव टळला. मॅडमचे आभार मानताना मी ओढणीने डोळे पुसले, तर त्या म्हणाल्या, "रडू नको, पुढची फाइल उघड."

परवा मीच आईला विचारलं, "गावी सोडू का थोडे दिवस?"

"आत्ता? पाखरं हायती की अजून," ती म्हणाली. मग भाजी निवडता निवडता, "आन् तू कामावनं आलीस की दार कोण उघडणार?"