पलीकडच्या काठावर राहिलेल्या चपला

१० फेब्रुवारी. संध्याकाळी नॉम पेन्हच्या गेस्ट हाऊसमध्ये बादलीत कोमट पाणी काढलं आणि जाऊबाईंचे तळपाय धुवायला बसले. डाव्या टाचेत खडी रुतून चिरलं होतं. एरवी मी लक्ष दिलं नसतं, पण त्यांना शुगर आहे. मागच्या वर्षी अशीच एक जखम पावसाळाभर भरली नव्हती. त्यांच्या मुलाने त्यांना माझ्याबरोबर सोडलं ते एका अटीवर: पायाला काही झालं तर सरळ परत यायचं.

माझं गांधीबागेत कापडाचं दुकान, त्यांची काटोलकडे संत्र्याची बाग. माल घेऊन कळमन्याच्या बाजारात आल्या की मुक्काम माझ्याकडे. तिथेच दोघींनी फिरायला निघायचा हा बेत ठरला. पातळावर सॅक अडकवून त्या व्हिएतनामभर माझ्या पुढे चालल्या.

त्या सकाळी मेकाँगवरून बोटीने सीमा ओलांडली. व्हिएतनामच्या चौकीवर शिक्का घेतला, धक्क्यावरून बोटीत बसलो. कंबोडियाच्या काठाला उतरताना माझं लक्ष गेलं.

"बाई, चपला कुठं आहेत तुमच्या?"

"तिकडंच काढून ठेवल्या ना वं. नदीवर चपला घालून बसते का कोनी?"

"मग हातात काहून नाही घेतल्या?"

"नाव फिरून घाटावरच येते ना!"

त्यांनी आजवर पाहिलेली प्रत्येक नाव दर्शन घडवून, नाहीतर तळ्यात फिरवून, त्याच घाटावर आणून सोडणारी. या नावेने देश बदलला होता.

माझे बूट त्यांच्या पायात शिरेनात. मोज्यांवर मोजे चढवले, तरी चौकीपासून बसपर्यंतच्या खडीने काम केलंच. बसच्या दारात ड्रायव्हर प्रत्येकाला पिशवी देत होता. बूट काढून त्यात घालायचे, मगच आत. उंचेपुरे गोरे प्रवासी अनवाणी चढताना पाहून जाऊबाईंना हसू आवरेना. "पाह्य वं, सारेच माह्यावानी झाले!"

ड्रायव्हरने त्यांच्यापुढेही पिशवी धरली, मग मोज्यांकडे पाहिलं. वाटेतल्या थांब्यांवर घालायला बसमध्ये रबरी चपलांची टोपली होती. शहरात उतरताना त्यातला सर्वांत मोठा निळा जोड त्याने त्यांच्या पायाशी ठेवला आणि परत घेतला नाही.

मी टाच पुसत होते तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पोराले नको सांगू वं. वापस बोलावन तो. मंग पुन्हा सोडते का मले कुठं?"

"आधी झोपा. सकाळी पाहू."

सकाळी उजेडात टाच पाहिली. कोरडी होती, सूज नव्हती. फोटो काढून त्यांच्या मुलाला पाठवला, फोन केला आणि चपलांसकट सगळं सांगितलं. रोज फोटो पाठवीन, जरा लाल दिसलं तर मीच विमानात बसवीन, हेही. तो म्हणाला, "काकू, आईले दुसऱ्या चपला घेऊन द्या."

बाजार उघडताच मी मागे पट्टा असलेल्या सँडल घेतल्या. सहजासहजी निघू नयेत अशा.