चौथ्या केंद्राचे अकरा सुखी पुरुष

चाळीस वर्षं पुरुषांच्या कमरेभोवती टेप फिरवून मास्तरांचं एक ठाम मत झालं होतं. टेप दिसली की माणूस पोट आत ओढतो, मग तो न्यायाधीश असो की पहिलवान. म्हणून माप घेताना मास्तर गुडघेदुखीचा नाहीतर मुलीच्या परीक्षेचा विषय काढत. गिऱ्हाईक बोलता बोलता श्वास सोडी आणि मास्तर तेवढ्यात आकडा टिपून घेत. आपण शिवलेली पँट आजवर कुणाला आवळली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

अशा या माणसाला तीन वर्षांपूर्वी लिंगाचा कर्करोग झाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण घरी सांगणार काय? मास्तरांनी मुतखडा सांगितला. बायकोने तो गल्लीभर सांगितला. तेव्हापासून ज्याच्या पोटात दुखेल तो मास्तरांकडे सल्ल्याला यायचा आणि मास्तर ‘भरपूर पाणी प्या’ म्हणून वेळ मारून न्यायचे.

आजार इतका दुर्मीळ, की एकेका हॉस्पिटलात वर्षाकाठी चार-पाचच रुग्ण. तेवढ्यांवरून कुठलं ऑपरेशन बरं ते ठरणार कसं? म्हणून सात मेडिकल कॉलेजांनी आपापले रुग्ण एकाच यादीत घालायचं ठरवलं. यादी सांभाळायला एक समन्वयक बाई, भांडायला सात प्राध्यापक, आणि समितीवर नियमाप्रमाणे एक रुग्ण. तोच मिळेना, कारण यायचं म्हणजे आजार सांगायचा आला. चौथ्या केंद्राच्या, म्हणजे मास्तरांच्या हॉस्पिटलच्या, सर्जननी त्यांचे टाके काढता काढता त्यांना विचारलं. हातात कात्री असलेल्या माणसाला नाही म्हणायची मास्तरांची छाती झाली नाही. घरी त्यांनी सांगितलं, मुतखड्याची कमिटी आहे.

दर चार महिन्यांनी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून त्या लांबलचक टेबलाच्या कडेला बसत आणि प्राध्यापकांच्या कोटांची शिलाई बघत. पहिल्या तीन बैठका शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, यात गेल्या. पुढच्या पाच, गाठ काढल्याबरोबर मोजायची की औषधात ठेवून आक्रसल्यावर, यात. कापड धुण्याआधी मापायचं की नंतर, एवढीच ती गोष्ट, असं मास्तर समन्वयक बाईंच्या कानात पुटपुटले. बाईंनी ते मुद्दा म्हणून मांडलं आणि वाद मिटला. याहून जास्त मास्तर तीन वर्षांत बोलले नाहीत.

मग प्रश्नावलीची बैठक आली. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी प्रत्येक रुग्णाला एकोणीस प्रश्न विचारले होते. उभं राहून लघवी करता येते का, पत्नीशी संबंध कसे आहेत, स्वतःकडे बघवतं का. सहा केंद्रांच्या रुग्णांनी तक्रारींचा पाऊस पाडला होता. चौथ्या केंद्राचे अकराच्या अकरा पुरुष मात्र सुखी होते. एकोणीसही प्रश्नांना ‘काही त्रास नाही’. आणि मौज म्हणजे सगळ्यांत जास्त कापणारं केंद्रही तेच. अध्यक्ष खूश झाले. जास्त कापलं की आजार उलटायची भीती कमी, आणि रुग्णांची तक्रारही नाही. तर मग सातही ठिकाणी चौथ्यासारखंच कापावं, असा ठराव चहानंतर मताला टाकायचं ठरलं.

मास्तरांनी चहा तसाच ठेवला. त्या अकरांत एक ते स्वतः होते. चौथ्या केंद्रात सगळ्यांचीच प्रश्नावली ओपीडीच्या खिडकीवर भरून घेत, तशी त्यांचीही घेतली होती. सिस्टरांचा आवाज खणखणीत, मागे फायली घेतलेली पंधरा माणसं. उभं राहून लघवी होते का, असं सिस्टरांनी विचारलं आणि मास्तर म्हणाले, एकदम मस्त. पुढचे अठरा प्रश्नही त्यांनी त्याच झोकात उडवून लावले. खरं तर कुठेही जायचं झालं की दार लागणारा संडास कुठे आहे, हे त्यांना आधी शोधून ठेवावं लागत होतं. आता आपल्या त्या एका फुशारकीपायी सात गावचे पुरुष नको तेवढे कापले जाणार होते.

हात वर व्हायच्या आत मास्तर उभे राहिले.

“त्या अकरांतला एक मी आहे,” ते म्हणाले. “मी खोटं सांगितलं. टेप लावली की माणूस पोट आत ओढतो, साहेब. तुम्ही खिडकीवर, चारचौघांत, अकरा जणांचं ओढलेलं पोट मापलंय. ऑपरेशन झाल्यापासून मला एकदाही उभ्यानं जमलेलं नाही. जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवा.”

मास्तरांच्या सर्जनचे कान लाल झाले होते. मला का नाही सांगितलंत, असं त्यांनी हळूच विचारलं. तुम्ही जीव वाचवलात, तुमच्या तोंडावर तक्रार कशी करायची, असं मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

ठराव बारगळला. अकराही जणांना कोऱ्या प्रश्नावल्या बंद पाकिटात घरी पाठवायच्या, ज्याने त्याने स्वतः भरायच्या, असं ठरलं.

मास्तरांचंही पाकीट आलं. शिवणयंत्रावर कागद पसरून ते पेन घेऊन बसले. समोर बायको एका कोटाला बटणं लावत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि पहिल्याच प्रश्नापुढे ‘काही त्रास नाही’ वर खूण केली.

“अहो, खोडा ते,” सुईत दोरा ओवता ओवता बायको म्हणाली. “मुतखडा झालेला माणूस तीन वर्षं बसून लघवी करत नाही. मला काय कळत नाही होय?”

मास्तरांनी खूण खोडली. तिने मान वर केली नाही. शेजाऱ्यांचा खडा तुमच्या सल्ल्याने खरंच पडला, असं ती सांगू लागली. त्यावरून शेजारणीच्या गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून त्यांच्या मुलीच्या परीक्षेवर. मास्तर हं हं करत राहिले. तिचं सांगून होईपर्यंत त्यांनी एकोणीसही प्रश्नांची खरी उत्तरं लिहून टाकली होती.