दोन परिच्छेदांमधली जागा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्टीलची पट्टी संगणकाच्या पडद्याला टेकवून दोन परिच्छेदांमधली जागा मोजत होते. निवृत्तीनंतर आमच्या शाळेची वेबसाइट करावी म्हणून मी संगणकवर्गात नाव घातलं, तर हे आमचे नवे मास्तर! उभा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला. छापखाना बंद पडला, आणि साठीला टेकता टेकता हे नवं शिकले. पुढे सगळे त्यांना पट्टीकाका म्हणू लागले. वर्गाच्या संचालकबाईंनी त्यांना परीक्षेपुरता एकच तास दिला होता: वर्गाला समजलं तर नोकरी, नाही तर नमस्कार.

विषय होता सीएसएस, म्हणजे पानावरचा मजकूर कसा दिसावा हे सांगायची भाषा. काकांनी वरच्या परिच्छेदाला खालून वीस पिक्सेल जागा दिली, खालच्याला वरून तीस.

"मध्ये किती?"

"पन्नास!" आम्ही एका सुरात.

पडद्यावर तीसच.

"वीस गेले कुठे?" मी विचारलं.

"नियमच आहे, बाई. दोन्हींतली मोठी जागा तेवढी राहते."

"पण का?" पुढच्या बाकावरच्या नर्सताईंनी लावून धरलं.

"खरं सांगू? घोकून आलोय. छापखान्यात ओळींच्या मध्ये शिशाच्या दोन पट्ट्या घातल्या की दोन्हींच्या जाडीची बेरीज व्हायची. शिसं कधी असं वागलं नाही."

दारातून संचालकबाई खाकरल्या. काकांचे कान लाल झाले. त्यांनी एकदम आम्हा दोघींना उभं केलं.

"बाई, तुम्ही ताईंना म्हणा, माझ्यापासून दोन हात लांब राहा. ताई, तुम्ही बाईंना म्हणा तीन. आता राहा बघू उभ्या."

आम्ही मागेपुढे सरकलो. मी खुर्चीला धडकले.

"झालं की तीन हातांत!" ताई म्हणाल्या. "बाईंचे दोन त्यातच आले. पाच कशाला?"

काका मटकन खाली बसले. "अरेच्चा! असं आहे होय हे!"

"आणि दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या तर?" संचालकबाईंनी दारातूनच विचारलं.

"तिथं मात्र बेरीज होते."

"का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"ते अजून डोक्यात शिरलेलं नाही, मॅडम."

"माझ्याही नाही," त्या हसून म्हणाल्या. "मंगळवारी वेळेवर या."

हल्ली काका मंगळवारी आणि शुक्रवारी तो वर्ग घेतात. स्टीलची पट्टी अजून खिशात असते.