गवताच्या छपराचं ग्रीक देऊळ

मंडळाच्या अध्यक्षांनी मला फसवलं आणि मी माझ्या मुलीला फसवलं. क्रम हाच आहे, तो कोणी बदलू नये.

सांगलीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहून मी सुरुवात केली. आज नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनच्या एका कंपनीसाठी सुटे भाग खरेदी करतो. माझा फोन आला की पुरवठादारांच्या कपाळाला आठ्या पडतात. घरात मात्र माझं काही चालत नाही. मुलगी चौदा वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती डचमध्ये एका शब्दात उत्तर देते आणि खोलीचं दार लावून घेते.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाने घरगुती गणपतीच्या आराशीची स्पर्धा ठेवली. मुलगी शाळेत ग्रीक शिकते, म्हणून मी म्हटलं, ग्रीक देऊळ करू. ती चक्क खाली आली.

"पांढरे खांब? बाबा, ते फार नंतर. पहिली देवळं मातीची होती. लाकडाचे खांब आणि वर गवत."

"म्हणजे गोठाच की!"

"हो, देवाचा गोठा," म्हणाली आणि हसली.

तीन आठवडे आम्ही मागच्या शेडमध्ये बसलो. जवळच्या न्यूनेन गावात छपरं शाकारणाऱ्या एका माणसाशी हुज्जत घालून मी उरलेलं गवत आणलं. तिने मातीच्या बोटभर विटा पाडल्या, मागची भिंत अर्धगोल घेतली. काम करता करता सांगायची. पुढे छपरावर भाजलेली कौलं आली, वजन वाढलं, दगड आला. एका देवळात तर लाकडी खांब जसजसे कुजले तसतसे एकेक करून दगडाचे बसवले, म्हणून तिथे एक खांब दुसऱ्यासारखा नाही. आणि पाथरवटांनी जुन्या लाकडी तुळयांची टोकं, खुंट्यासुद्धा दगडात कोरल्या.

"दगडाला खुंट्या कशाला?"

"कशालाच नाही. देऊळ तसंच दिसायचं ना त्यांना."

ज्या भागाला काम नाही तो ड्रॉइंगमधून काढायला लावणारा माणूस मी. पण तिला बोलताना ऐकायचं होतं.

गणपतीच्या दोन दिवस आधी अध्यक्ष चहाला आले. "अहो, हे काय? परीक्षकांना ग्रीक तरी वाटायला हवं! पांढरे खांब लावा, पहिला नंबर तुमचा. माझा शब्द."

साध्या स्क्रूची ऑर्डरही मी लेखी घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्या दिवशी शब्दावर गेलो. मुलगी शाळेत असताना छप्पर उचकटलं, भिंती फोडल्या, पुठ्ठ्याच्या नळ्यांना पांढरा रंग दिला. सगळ्यांसमोर तिचं नाव पुकारलं जाईल, ती खूश होईल, एवढंच डोक्यात होतं.

ती सायकल लावून आत आली आणि उभीच राहिली.

"कोणी केलं?"

"मी. जिंकायचंय ना आपल्याला?"

"मला कुठे जिंकायचं होतं?"

परीक्षक आले तोवर त्यांनी आणखी दोन घरी पांढरे खांब पाहिले होते. दोन्हीकडे अध्यक्षांचा चहा झाला होता, शब्दही तोच. परीक्षकांतल्या एक निवृत्त डच शिक्षिका आमचा अर्ज हातात घेऊन आल्या. त्यावर मुलीने चित्र काढलं होतं.

"हे गवताचं कुठे आहे? मी हेच बघायला आले."

मी सारवासारव करू लागलो. "ते पाडलं," मुलगी डचमध्ये म्हणाली आणि प्रसाद आणायला आत गेली.

मी तिची माफी मागितली. नवी माती आणली. "नको," ती म्हणाली. पुरवठादार अडला तर काय पुढे करायचं हे मला कळतं. इथे काय द्यावं तेच कळत नाही. जेवताना ती समोर बसते, पोळी मागते, उठून जाते.

परवा अध्यक्षांचा फोन आला, यंदाही भाग घ्या म्हणून. मी ओरडलो. ते म्हणाले, "अहो, खेळीमेळीची स्पर्धा होती, एवढं काय मनावर घेता!"

अध्यक्षसाहेब, एकच शब्द तीन घरांत का दिलात? माझी चूक मी तिच्यासमोर कबूल केली आहे. आता तुम्ही या, तिच्यासमोर बसा आणि उत्तर द्या. कधी येताय?